ड्रॅगच्या गाडीचा चिमटा नेमका कुठे लचकतो?

ज्याला इंजिनिअरिंगच्या पुस्तकात स्विंगआर्म म्हणतात त्याला आपल्याकडच्या गॅरेजात चिमटा म्हणतात, आणि मला विचाराल तर हेच नाव जास्त बरोबर आहे. पुढच्या टोकाला फ्रेमशी एका आडव्या बोल्टवर फिरणारा, मागे दोन पायांत चाकाचा अ‍ॅक्सल धरून ठेवणारा. स्वयंपाकघरातला चिमटा हातात घ्या, दोन टोकं वर-खाली, डावीकडे-उजवीकडे दाबून बघा. आजच्या लेखाचा अर्धा विषय तिथेच कळेल.

माझं पीएचडीचं काम जोडलेल्या चौकटींच्या लवचिकतेवर आहे. म्हणजे पाइप, पट्ट्या, वेल्डिंग आणि बोल्ट मिळून जी वस्तू होते ती भार आल्यावर किती हलते, आणि त्यातला किती भाग धातूचा नि किती सांध्यांचा, हे मोजायचं. नांदगावला घरी आलो की हा विषय समजावून सांगायला दोन उदाहरणं तयार असतात. एक मनमाडचं: आपल्याच तालुक्यात मध्य रेल्वेचा कारखाना आहे, तिथे पुलांचे गर्डर बनतात. दुसरं म्हणजे लांब केलेला चिमटा लावलेली आरएक्स 100. गर्डरचं उदाहरण वडीलधाऱ्यांना पटतं. पोरांना आरएक्स लागते.

ही गाडी 1985 मध्ये भारतात आली, 1996 मध्ये बंद झाली. 98 सीसी, टू-स्ट्रोक, 11 अश्वशक्ती. बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी ड्रॅगवाल्यांचं तिच्यावरचं प्रेम काही आटत नाही. वजन कमी, इंजिन साधं आणि पोर्टिंग-पाइप बदलून ताकद वाढवायला सोपं. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची ड्रॅग स्पर्धा व्हायची, तिथे सुपरकार आणि मोठ्या सुपरबाइक येत. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर एफएमएससीआयच्या मान्यतेची राष्ट्रीय मोटारसायकल ड्रॅग स्पर्धा होते. अशा ठिकाणी नेण्यासाठी जी गाडी तयार होते, तिच्यात इंजिनाच्या खालोखाल खर्च आणि वाद होतात ते चिमट्यावरून.

आधी, लांब का करतात?

ड्रॅग म्हणजे सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे 402 मीटर, उभ्या जागेवरून. क्लच सोडला की मागचं चाक गाडीला पुढे ढकलतं, पण ढकलतं जमिनीच्या पातळीवर. गाडी आणि चालकाचा गुरुत्वमध्य मात्र वर असतो. त्यामुळे पुढचं चाक उचललं जातं. किती जोर लावला की ते उचलेल याचा हिशोब एका भागाकाराचा आहे: गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या किती पुढे आहे, भागिले तो जमिनीपासून किती उंच आहे. समजा 50 सेंमी पुढे आणि 70 सेंमी उंच. 50 भागिले 70, म्हणजे साधारण 0.7. याचा अर्थ गुरुत्वाकर्षणाच्या 0.7 पट वेगवाढ झाली की पुढचं चाक हवेत. इंजिनात त्याहून जास्त ताकद असेल तर ती वाया जाते, कारण चालकाला थ्रॉटल सोडावाच लागतो.

आता चाक 20 सेंमी मागे नेलं आणि गाडी थोडी खाली बसवली. मागे गेलेल्या चाकाबरोबर गुरुत्वमध्यही जरा मागे सरकतो, म्हणून 50 चे 70 होत नाहीत, 68 धरा, उंची 65. भागाकार एकाच्या वर गेला. हा फायदा मोठा आहे, आणि इंजिनाला हात न लावता मिळतो. म्हणून सगळे चिमटा लांब करतात. अमेरिकेत वाळूवर एटीव्हीची ड्रॅग होते, तिथेही हाच उद्योग. यामाहाची बॅन्शी ही 347 सीसीची जुळ्या सिलिंडरची टू-स्ट्रोक एटीव्ही 1987 मध्ये आली तेव्हापासून तिचे लांब चिमटे बनवणं हा तिथे एक धंदाच झाला.

लांब केल्यावर काय होतं? गाडी सुटताना वाकडी जाते. मग टायरला दोष, क्लचला दोष, चालकाच्या बुडाला दोष. कोणीतरी सांगतं, चिमटा लचकतोय, वरून पट्टी मार. पट्टी मारली जाते, गाडी तरी वाकडीच.

चेन किती ओढते?

आकडे घेऊन बघू. हे मी धरलेले आकडे आहेत, तुमच्या गाडीचे टेपने मोजून टाका. गाडी आणि चालक मिळून 160 किलो. वेगवाढ 0.7 पट. म्हणजे जमिनीवर टायरचा जोर साधारण 1,100 न्यूटन. चाकाची त्रिज्या 30 सेंमी, म्हणून चाकावरचा पीळ 330 न्यूटन-मीटर. मागचं स्प्रॉकेट 40 दात्यांचं, त्याची त्रिज्या 8.1 सेंमी. 330 ला 0.081 ने भागा: 4,070 न्यूटन. किलोत सांगायचं तर सुमारे 415 किलो. चार क्विंटलची पोती चेनला टांगल्यासारखी, आणि हे 160 किलोच्या गाडीत!

ही ओढ चाकाच्या मध्यावर नसते. बहुतेक गाड्यांत चेन डाव्या बाजूला, चाकाच्या मध्यरेषेपासून समजा 7 सेंमी. चेन अ‍ॅक्सलला पुढे ओढते, जमीनही टायरमार्फत अ‍ॅक्सलला पुढेच ढकलते, आणि हा सगळा दाब चिमट्याचे दोन पाय मिळून फ्रेमपर्यंत नेतात. पायांमध्ये 20 सेंमी अंतर असेल तर डाव्या पायावर येतात साधारण 410 किलो, उजव्यावर 120. डावा पाय उजव्याच्या साडेतीनपट दबलेला.

इथपर्यंत वाचून वाटतं की झालं, सापडला चोर. डावा पाय दबून आखूड होतो आणि चाक वाकडं होतं. हिशोब करू. 30 मिमी बाहेरचा व्यास आणि 2 मिमी जाडीचा स्टीलचा गोल पाइप, 45 सेंमी लांब. 410 किलोखाली तो आखूड होतो 0.05 मिमी. उजवा 0.015. फरक 0.035 मिमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीएवढा. एवढ्याने चाक वाकडं होत नाही.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण गॅरेजातच नाही, कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही या जागी उडी मारलेली असते: भार एकतर्फी, म्हणून पाय लवतो, म्हणून जाड पाइप घ्या. सरळ पाइप लांबीच्या दिशेने दाबला तर फार ताठ असतो. (पाय टायरला वळसा घालून बाहेर वाकवलेला असेल तर गोष्ट वेगळी. मग तो दाब वाकलेल्या जागी पायाला आणखी वाकवतो. म्हणून शक्य तिथे पाय सरळ ठेवा.) मग हलतं कोण?

सांधे

पहिला संशयित अ‍ॅक्सलची खाच. चेन ताणण्यासाठी चिमट्याच्या टोकाला लांबट खाच असते, त्यात अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकतो आणि अ‍ॅडजस्टर त्याला जागेवर धरतो. डाव्या टोकावर 410 किलो पुढे ढकलतायत. टोकाची पट्टी पातळ असेल, अ‍ॅडजस्टरचा बोल्ट बारीक असेल, नट नीट आवळलेला नसेल, तर तिथे एखादा मिलिमीटर सहज सुटतो. 20 सेंमी रुंदीवर 1 मिमी म्हणजे सुमारे 0.3 अंश. ऐकायला काहीच नाही. पण 402 मीटरवर त्या कोनात सरळ गेलात तर रेषेपासून दोन मीटर बाजूला पोचता. चालक अर्थातच हँडलने सावरतो, पण सावरण्यात वेळ जातो, आणि थ्रॉटल सोडताच चाक परत जागेवर येतं तेव्हा गाडी दुसऱ्या बाजूला झटका देते.

दिशाही लक्षात घ्या. अ‍ॅक्सलचं डावं टोक पुढे गेलं की चाकाचं तोंड उजवीकडे होतं. मागचं चाक उजवीकडे चालायला लागलं की गाडीची शेपूट उजवीकडे जाते आणि नाक डावीकडे. डावीकडे चेन असलेली गाडी प्रत्येक सुटीला नाक डावीकडे घेत असेल, आणि थ्रॉटल सोडल्यावर सरळ होत असेल, तर पाइपवर पट्टी मारण्याआधी खाच तपासा.

दुसरा संशयित पुढचा पिव्हट. तिथले बुश किंवा बेअरिंग. डाव्या बाजूला कायम जास्त दाब, म्हणून डावा बुश आधी झिजतो. दोन्ही बुश सारखे झिजले असते तर जोर आल्यावर चिमटा दोन्हीकडे सारखाच पुढे सरकला असता. झीज कमी-जास्त असली की तो तिरका बसतो. शिवाय झिजलेल्या बुशमुळे चिमट्याचा एक पाय वर, एक खाली असा पीळही मोकळा होतो. यावर उपाय कुठला ते उघड आहे, आणि तो वेल्डिंगपेक्षा स्वस्त आहे.

तिसरा, अ‍ॅक्सल स्वतः. भरीव दांड्याचा वाकण्याला विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 12 मिमीचा अ‍ॅक्सल 17 मिमीचा केला तर तो चौपट ताठ होतो. वजन दुप्पट, पण अ‍ॅक्सलचं एकूण वजनच थोडं असतं. अर्थात त्यासाठी हबची बेअरिंग बदलावी लागतात.

मोजायचं कसं

इथे जरा थांबतो, कारण माझं रोजचं काम हेच आहे, आणि हे नांदगावच्या गॅरेजात होऊ शकतं. हजारभर रुपयांचं डायल गेज, एक बादली, वाळू, वजनकाटा, दोरी आणि पुली.

फ्रेम घट्ट बांधायची. नुसता चिमटा सोडवून व्हाइसमध्ये धरायचा नाही, कारण मग पिव्हट आणि फ्रेम मोजमापातून बाहेर पडतात आणि आपल्याला नेमके तेच बघायचेत. चाकाच्या जागी हबएवढ्या रुंदीचा जाड पाइप घालून अ‍ॅक्सल नेहमीसारखा आवळायचा. शॉकअपच्या जागी लोखंडी पट्टी लावायची, म्हणजे वर-खाली हालचाल बंद. डायल गेजचा स्टँड जमिनीवर किंवा वेगळ्या टेबलावर. फ्रेमवर लावलात तर फ्रेमही त्याच्याबरोबर हलते आणि गेज खोटं सांगतं.

आता अ‍ॅक्सलला आडवी दोरी बांधून पुलीवरून बादली सोडा. पाच-पाच किलो वाळू टाकत तीस किलोपर्यंत जा. दर वेळी गेज लिहा. मग त्याच क्रमाने वाळू काढत या, लिहीत या. मग दोरी दुसऱ्या बाजूला बांधून सगळं पुन्हा. हे आकडे चौकटीच्या कागदावर मांडले की जो आलेख येतो तो बोलतो.

आलेखात भार शून्याजवळ असताना हात लावताच गेज उडी मारत असेल, म्हणजे पाच किलोला जेवढं हलायला हवं त्याहून खूप जास्त, तर ती उडी म्हणजे ढिलाई. बुश, बेअरिंग. त्यानंतर रेघ सरळ चढते. तिचा उतार म्हणजे खरी लचक, धातूची. आणि वाळू काढताना गेज आलेल्या वाटेने परत न जाता वरच राहत असेल, शेवटी शून्यावर येतच नसेल, तर कुठलातरी सांधा घसरलाय. बहुतेक वेळा अ‍ॅक्सलची खाच. तीन वेगळे आजार, एकाच कागदावर. वरून पट्टी मारण्याचा उपाय यातल्या फक्त मधल्या आजारावर चालतो, आणि तोही पट्टी योग्य बाजूला असेल तर.

गेज चिमट्यावरून उचलून पिव्हटशेजारी फ्रेमवर टेकवून तीच मोजणी एकदा करा. पुष्कळदा दिसतं की चिमटा निर्दोष आहे आणि फ्रेमच पिव्हटपाशी आडवी होतेय. कारखान्याची फ्रेम आखूड चिमट्याच्या हिशोबाने बनवलेली असते. चिमटा लांब केला की मागच्या टोकाच्या त्याच आडव्या जोराला पिव्हटपाशी जास्त तरफ मिळते.

खरी लचक: आडवी

समजा सांधे ठीक निघाले. उरली धातूची लचक. ती तीन प्रकारची: वर-खाली, आडवी, आणि पीळ. वर-खाली लचकण्याने चाकाची दिशा बदलत नाही. ती एक न मागितलेली जास्तीची स्प्रिंग होते, टायर उड्या मारतो, पण गाडी वाकडी जात नाही. वाकडी जाते आडव्या लचकीने आणि पिळाने. सुटताना चालकाचं वजन एका बाजूला कललं, रस्ता जरा उतरता असला, टायरने तिरका चावा घेतला, की आडवा जोर येतो.

आता सगळ्यांच्या ओळखीचा नियम: एका टोकाला धरलेला पाइप दुसऱ्या टोकाला किती लवतो ते लांबीच्या घनावर अवलंबून. दुप्पट लांब, आठपट लवणार. पण कुठली लांबी? पिव्हटपासून अ‍ॅक्सलपर्यंतची सगळी नाही. दोन पायांना जोडणारा शेवटचा आडवा पाइप जिथे आहे तिथपासून अ‍ॅक्सलपर्यंतची, म्हणजे पायांची मोकळी लांबी. चिमटा 45 सेंमीचा, आडवा पाइप पिव्हटपासून 12 सेंमीवर, तर मोकळी लांबी 33. या चिमट्याला मघाच्याच 30 मिमी गोल पाइपचे पाय असतील तर 30 किलोच्या आडव्या जोराला अ‍ॅक्सल सुमारे अर्धा मिलिमीटर सरकतो. मागे 20 सेंमी तुकडा जोडला. मोकळी लांबी 53. लचक चौपटीच्या वर, 2.1 मिमी.

बघा, लांबी वाढली दीडपटीहून थोडी जास्त आणि लचक चौपट. इथे सगळे जाड पाइपकडे धावतात. गोल काढून 50 बाय 25 चा चौकोनी पाइप, 50 ची बाजू उभी. दिसायला दणकट. वर-खाली तो गोल पाइपच्या 5.2 पट ताठ आहे, खरंच. पण आडवा फक्त 1.7 पट, कारण आडव्या दिशेला त्याची खोली 25 मिमीच. चाक वाकडं करणाऱ्या लचकीवर दीडपटीहून जरा जास्त सुधारणा, आणि वजन 1.6 पट. त्याऐवजी 40 बाय 40, जाडी तीच 2 मिमी: दोन्ही दिशांना 4.2 पट. धातू जवळजवळ तेवढाच, दोन पायांत मिळून फरक दोनेकशे ग्रॅमचा. लांब केलेल्या चिमट्याची लचक परत अर्ध्या मिलिमीटरवर येते. चेन आणि टायरच्या मधून 40 मिमी पाय जातो का, हे मात्र आधी मोजा. नाहीतर 30 बाय 40 वर समाधान मानावं लागतं.

याहून चांगला उपाय फुकट असतो आणि तो कोणी वापरत नाही. चाक 20 सेंमी मागे गेलं, म्हणजे टायरच्या पुढे 20 सेंमी जागा रिकामी झाली. आधी तिथे टायर होता म्हणून आडवा पाइप पिव्हटजवळच थांबवावा लागला होता. आता तो मागे टायरच्या तोंडापर्यंत नेता येतो. 65 सेंमीच्या चिमट्यात टायरची त्रिज्या आणि हाताला फिरायला जागा सोडून दुसरा आडवा पाइप पिव्हटपासून 32 सेंमीवर बसतो. मोकळी लांबी पुन्हा 33! पायांचा पाइप न बदलता मागच्या भागाची लचक होती तेवढीच राहते.

पण नुसता आडवा पाइप घातला तर पुढचा भाग शिडीसारखा होतो, आणि शिडी आडवी ढकलली की तिरकी होते. जुनी बाज सगळ्यांनी पाहिलीय: कोपऱ्यात धरून ढकलली की चौकोनाचा पतंग. शेताच्या फाटकाला तिरपी पट्टी का मारतात? पत्र्याच्या शेडला कैची का घालतात? मनमाडला पुलाच्या दोन गर्डरांच्या मधे तिरपे अँगल का लावतात? सगळीकडे एकच कारण, त्रिकोण मोडल्याशिवाय आकार बदलत नाही. म्हणून दोन आडव्या पाइपांच्या मधे तिरपा पाइप किंवा वर-खाली दोन्हीकडे 1.5 मिमी पत्रा. पत्रा दोन्ही बाजूंनी लावून पेटीच केली तर पुढच्या विषयाचाही निकाल लागतो.

पीळ, आणि एटीव्हीची गोष्ट

अगरबत्तीचा पुठ्ठ्याचा लांबट डबा घ्या. दोन्ही टोकं धरून पिळा. बराच ताठ लागतो. आता एका कडेवर ब्लेडने उभा चिरा द्या, बाकी काही करू नका. पुन्हा पिळा. लगेच कळतं. पुठ्ठा तेवढाच, फक्त बंद आकार उघडा झाला. 40 बाय 40 बाय 2 च्या पाइपचा हिशोब केला तर अखंड पाइप आणि चीर दिलेला पाइप यांच्यात पिळाच्या ताठपणाचा फरक सुमारे 270 पटींचा येतो. पट नव्हे, टक्के नव्हे; दोनशे सत्तर पट. म्हणून सी-चॅनेलचा किंवा अँगलचा चिमटा कितीही जाड केला तरी पिळाला नापास. आणि म्हणून पेटीच्या पत्र्याला टाके-टाके मारून सोडलं, अखंड शिवण दिली नाही, की ती पेटी अर्धवट चिरलेल्या डब्यासारखी वागते.

दुचाकीत पिळाचा जोर येतो टायरच्या तळाशी आडवा जोर लागला की, कारण तो अ‍ॅक्सलच्या 30 सेंमी खाली आहे. एटीव्हीत तो याहून कितीतरी वाईट. तिथे मागे एकच अखंड अ‍ॅक्सल, दोन टोकांना दोन चाकं, आणि चिमटा मधे एका बेअरिंगच्या घराला धरून. वाळूत एका चाकाला घट्ट पकड मिळाली आणि दुसऱ्याची पकड सुटली, तर 1,500 न्यूटनचा जोर मध्यापासून अर्धा मीटर बाजूला लागतो: 750 न्यूटन-मीटरचा वळसा. वरच्या आरएक्सला चेनमुळे जो वळसा पडतो तो 285 चा, लक्षात असेल तर 4,070 गुणिले 7 सेंमी. म्हणून एटीव्हीचा चांगला चिमटा दोन पायांचा नसतोच; पिव्हटपासून बेअरिंगपर्यंत रुंद, बंद पेटी असते, आणि पिव्हट शक्य तितका रुंद. टायर मधे येत नसल्याने तिथे हे करता येतं. नाशिक-पुण्याची कॉलेजं बाहाच्या स्पर्धेसाठी एटीव्ही बनवतात (आपल्याकडे ती 2007 पासून होते). तिथल्या मुलांनी मागे ट्रेलिंग आर्म घेतला असेल तर पिळाचा हिशोब त्यांनाही चुकत नाही.

क्रोमोली घेऊ का?

हा प्रश्न हमखास येतो. लचक कमी करण्यासाठी, नाही. साधं माइल्ड स्टील असो की महाग क्रोमोली, दोन्हीची ताठपणाची संख्या, म्हणजे यंगचा गुणांक, जवळपास तीच: 200 गिगापास्कल. क्रोमोली तुटायला जास्त जोर घेतो, लवायला नाही. तोच पाइप तेवढाच लवेल. ॲल्युमिनियमचा गुणांक 70, वजनही तिसरा हिस्सा. त्याचा फायदा होतो तो तेवढ्या वजनात मोठा आणि जाड आकार घेता येतो म्हणून. यामाहाने आर15 ला 2011 मध्ये ॲल्युमिनियमचा चिमटा दिला, चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकच्या ओतीव चिमट्यावर फासळ्या उघड्या दिसतात; दोन्हीकडे काम आकाराचं आहे. हे ॲल्युमिनियमचे चिमटे मधे कापून जोड देऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूची ताकद बरीच उतरते, आणि ती परत आणायला भट्टी लागते.

स्टीलच्या जोडाबद्दल थोडं. टोकाला टोक लावून गोल शिवण मारलेला जोड मी पाहिलेत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मारतात तसे. ट्रॉलीला चालतं कारण ट्रॉली 160 किलोची नसते आणि पाच सेकंदांत शंभर करत नाही. जोड मारायचाच तर आतून घट्ट बसणारा पाइप दोन्हीकडे पाच-सहा सेंमी सरकवा, बाहेरची कापलेली कड तिरपी ठेवा, म्हणजे शिवण एकाच आडव्या रेषेत येत नाही. गसेटची टोकं चौकोनी सोडू नका, निमुळती करा. चौकोनी गसेट जिथे संपतो तिथेच पाइपला तडा जातो, कारण ताठ भाग तिथे अचानक संपतो. पेटी पूर्ण बंद करण्याआधी एक बारीक भोक ठेवा, नाहीतर आतली तापलेली हवा शेवटची शिवण फोडून बाहेर येते. शक्य असेल तर जुन्याला जोड देण्यापेक्षा अख्खा पाय नवीन घ्या. त्याला खर्च जास्त नाही, मेहनत जास्त आहे.

ट्रॅकवर वळणं घेणाऱ्या रेसच्या गाड्यांत आडवी लचक मुद्दाम थोडी ठेवतात, कारण गाडी खूप झुकली की शॉकअप खड्ड्याच्या दिशेला राहत नाही आणि चिमट्याची आडवी लचकच स्प्रिंगचं काम करते. ते वाचून ड्रॅगच्या गाडीत लचक हवी म्हणणारे भेटतात. ड्रॅगची गाडी झुकत नाही. विषय संपला.

आणि ही गाडी रस्त्यावर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कारखान्याने दिलेल्या रचनेत असे बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि कलम 189 प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा तुरुंगवासाचाही गुन्हा आहे. मनमाड रोडवर रात्री काय चालतं ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहिलं. समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला तुमच्या 0.3 अंशांशी देणंघेणं नसतं.

वेल्डिंग करताना चिमटा मोकळा ठेवू नका. पिव्हट आणि अ‍ॅक्सल या दोन्ही जागी सरळ दांडे घालून, ते जाड प्लेटवर बांधून, आधी सगळीकडे टाके, मग डावी-उजवीकडे आलटून-पालटून छोट्या शिवणी. थंड झाल्यावर दोन्ही दांड्यांच्या टोकांमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक आला तर चिमटा कितीही ताठ झाला तरी तो वाकडा ताठ झालाय. मग गाडीवर बसवून चाकांच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढचं-मागचं चाक एका रेषेत आहे का बघा, आणि बादलीची मोजणी पुन्हा एकदा, त्याच कागदावर, वेगळ्या रंगाच्या पेनने.